कॅनेडियन रॉकीज : लार्च बघायला गेलो आणि जळालेली जंगलं वाचत बसलो

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा का निवडला असं आम्हाला सगळ्यांनीच विचारलं, कारण थंडी सुरू झालेली असते, कधीही बर्फ पडू शकतो आणि अर्ध्या गोष्टी बंद व्हायच्या मार्गावर असतात. उत्तर एका झाडात आहे, लार्च. सूचिपर्णी झाड असून हिवाळ्याआधी पानं गाळतं, आणि गाळायच्या आधी दोनेक आठवडे पूर्ण सोनेरी होतं. शर्वरीने कुठेतरी फोटो बघितला आणि ग्रुपवर टाकला, मक्याने रात्रीतून एक्सेल शीट बनवली, अभ्या कॅल्गरीतच राहतो त्यामुळे त्याला पर्यायच नव्हता आणि मी नेहमीप्रमाणे "तुम्ही ठरवा, मी येतो" म्हणून मोकळा झालो. २०२५ चा सप्टेंबर. बॅन्फ, योहो, जॅस्पर आणि वेळ उरला तर कूटनी, असा चार नॅशनल पार्कांचा बेत होता.

दिवस १ : कॅल्गरी ते कॅनमोर, मध्ये बॅन्फ

कॅल्गरीतून निघाल्यावर पहिला तासभर गवताळ माळ आहे, पिवळट, लांबच लांब, आणि समोर क्षितिजावर दातेरी निळी रेघ. ती रेघ हळूहळू मोठी होत जाते आणि मग अचानक तुम्ही तिच्या आत असता. सह्याद्रीत कसं आधी टेकड्या, मग डोंगर, मग घाट असं चढत जातं, तसलं फारसं जाणवत नाही इथे, एकदम भिंतच.

बॅन्फच्या गेटवर पास घेतला. एका गाडीत सातजणांपर्यंत एकच ग्रुप पास चालतो आणि तोच पास बाकीच्या पार्कांतही चालतो, त्यामुळे मक्याच्या शीटमधला एक रकाना लगेच हिरवा झाला. गेटच्या पुढे हायवेच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी सुरू होते. मला आधी वाटलं कोणाची तरी खाजगी जागा असेल. तर ती प्राण्यांसाठी आहे. ट्रान्स-कॅनडा हायवे पार्कच्या मधून जातो, प्राणी रस्त्यावर येऊन मरायचे, माणसंही मरायची, मग त्यांनी दोन्ही बाजूंनी जाळी ओढली आणि प्राण्यांना पलीकडे जायला वेगळे रस्ते करून दिले, ६ पूल हायवेच्या वरून आणि ३८ भुयारी वाटा खालून. वरचे पूल म्हणजे सिमेंटच्या कमानीवर माती, त्यावर गवत आणि झाडं. गाडी खालून जाते आणि वरून कदाचित एखादं अस्वल चाललेलं असतं, आपल्याला दिसत नाही. प्राण्यांशी होणारे अपघात ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. अभ्या म्हणाला की ग्रिझली अस्वलांना पुलावर विश्वास बसायलाच काही वर्षं लागली. मक्या म्हणे सरकारी पुलावर मलाही तेवढीच लागतात.

बॅन्फ गावात पार्किंग शोधण्यात जो वेळ गेला त्याबद्दल लिहीत नाही. तिथून केव्ह अँड बेसिनला गेलो. हे बघा असं मी आवर्जून सांगेन, कारण बहुतेक लोक सोडून देतात. १८८३ मध्ये रेल्वेच्या तीन कामगारांना इथे जमिनीतल्या भोकातून येणारी वाफ दिसली, खाली गरम पाण्याची गुहा. मालकी कोणाची यावरून भांडणं सुरू झाली आणि सरकारने १८८५ मध्ये ती जागाच राखीव करून टाकली. कॅनडाचं पहिलं नॅशनल पार्क असं भांडणातून जन्माला आलं. आत शिरताच सडक्या अंड्याचा वास येतो, गंधकाचा. हिरवट पाणी, छतातलं भोक आणि त्यातून पडणारा उजेड. बाहेरच्या कुंडात काठाला नीट बघितलं तर शेवाळावर काळसर ठिपके दिसतात, त्या गोगलगायी आहेत, करंगळीच्या नखाहूनही लहान. बॅन्फ स्प्रिंग्ज स्नेल. जगात फक्त इथल्याच गरम झऱ्यांत सापडतात, म्हणून पाण्यात बोटही घालायचं नाही. शर्वरी पंधरा मिनिटं उकिडवी बसून त्या ठिपक्यांकडे बघत होती आणि आम्ही तिघं वास सहन करत तिच्याकडे.

मुक्काम कॅनमोरला. बॅन्फ गाव पार्कच्या आत आहे, तिथे काम किंवा धंदा असल्याशिवाय राहायलाही परवानगी मिळत नाही, हॉटेलं अर्थातच महाग. कॅनमोर पार्कच्या जरा बाहेर आहे आणि डोंगर तेच.

दिवस २ : मोरेन लेक आणि लार्च व्हॅली

पहाटे उठलो. मोरेन लेकला २०२३ पासून खाजगी गाडी नेता येत नाही, शटलच घ्यावी लागते. पार्क्स कॅनडाच्या शटलच्या काही सीट्स वसंतातच सुटतात आणि उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला, आणि त्या जातात कशा तर बघता बघता. मक्या फोन आणि लॅपटॉप घेऊन बसला होता म्हणून मिळाल्या. लेक लुईच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि तिथून बस. अभ्याने सांगितलं की आधी लोक पहाटे दोन-तीनला येऊन पार्किंगमध्ये गाडीतच झोपायचे. आता रस्त्यावर फक्त बसेस, आणि खरं सांगायचं तर बरंच आहे, खिडकीला नाक लावून बसता येतं.

मोरेन लेकबद्दल काय लिहायचं, कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर होता, सगळ्यांनी फोटो बघितलेले असतात. तरी समोर उभं राहिल्यावर पाण्याचा रंग पटत नाही. हिमनद्या खालचा खडक घासत सरकतात, त्या घासण्यातून पिठासारखी बारीक भुकटी निघते, ती पाण्यात तरंगत राहते आणि उजेडातला निळा-हिरवा भाग परत फेकते. म्हणजे तो रंग दगडाच्या पिठाचा आहे. पाठीमागे टेन पीक्सची रांग. दगडांच्या ढिगाऱ्यावर चढून फोटो काढायचा सोपस्कार आम्हीही पार पाडला, तिथे इतकी गर्दी होती की कोणाच्या तरी कोपराशिवाय एकही फोटो नाही आला.

खरी मजा त्याच्या वर. लार्च व्हॅलीच्या वाटेच्या तोंडाशी पाटी होती, ग्रिझलींचा वावर आहे, कमीत कमी चारजणांच्या गटानेच जायचं, आणि गट म्हणजे एकमेकांना चिकटून. हा सल्ला नाही, कायदेशीर नियम आहे, मोडला तर दंड. आम्ही बरोब्बर चार. पाटीपाशी एक एकटी बाई आणि एक जोडपं उभं होतं, चौथा कोणी मिळतोय का बघत, आणि आमच्या डोळ्यांसमोर एक जर्मन मुलगा आला आणि त्यांचा गट जमला. अनोळखी चारजण हसत हसत निघाले.

आता प्रॉब्लेम असा की शर्वरी हरणासारखी चालते, मक्या दर दोनशे मीटरला फोटो काढायला थांबतो, अभ्याचा गुडघा दुखतो आणि मी यांच्या मधला कुठलातरी. एरवी ट्रेकला शर्वरी तासभर आधी वर पोचून सावलीत झोपलेली असते. इथे तिला तीन पावलांवर आमच्या पुढे थांबावं लागत होतं. पहिला अर्धा तास भांडणात गेला. "अरे चल ना", "अगं थांब ना", मग हळूहळू काय झालं कोणास ठाऊक, गप्पा सुरू झाल्या, आणि आम्हाला जाणवलं की कॉलेजनंतर चौघं असे सलग तीन तास एका रांगेत बोलत कधी चाललोच नव्हतो. मोठ्याने बोलायचं कारणही होतंच, अस्वलाला आपण येतोय हे कळलं पाहिजे. मक्याने या निमित्ताने स्वतःच्या ऑफिसमधल्या सगळ्या माणसांची उणीदुणी काढली. ग्रिझली आसपास असलीच तर कंटाळून निघून गेली असेल.

नागमोडी चढ संपतो आणि झाडांचा रंग बदलतो. आधी एखाद-दुसरं, मग सगळीकडे. उन्हात लार्च पिवळी दिसत नाहीत, ती आतून पेटल्यासारखी दिसतात. फांदी हातात घेऊन बघितली, सूचिपर्णी म्हटल्यावर टोचेल असं वाटतं पण सुया इतक्या मऊ, झुबक्या झुबक्याने येणाऱ्या, ब्रशच्या केसांसारख्या. वाऱ्याची झुळूक आली की त्या सुया गळतात आणि जॅकेटच्या घड्यांत, बॅगेच्या चेनमध्ये, चहाच्या थर्मासच्या झाकणात जाऊन बसतात. वाटेवर त्यांचा थर होता, पायाखाली आवाजच येत नव्हता.

पुढे सेंटिनेल पास ही खिंड, २६११ मीटर. शेवटचा टप्पा नुसत्या सुट्या दगडांचा, वरून कोणी चाललं की खडे घरंगळत खाली येतात. अभ्याने गुडघ्याला पट्टा बांधला आणि "मी खाली बसतो" म्हणाला, पण चारचा नियम! एकजण बसला की सगळेच बसले. मग आम्ही तळ्यांपाशी तासभर विचार केला, म्हणजे खरं तर लाडू खाल्ले, आणि अभ्या स्वतःच उठला. पासवर एवढा वारा होता की तोंडातलं वाक्य दुसऱ्याला ऐकू जाईना. पलीकडे पॅरडाइज व्हॅली, खाली सावलीत, आणि अलीकडे आम्ही चढून आलो ती दरी, सोनेरी ठिपक्यांची. दहा मिनिटांत हात बधिर झाले. उतरलो.

कनेक्टर बसने लेक लुईला गेलो. दुपारी चारला तिथे जत्रा होती. व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं नाव त्या तळ्याला, आणि तिच्याच नावावरून अल्बर्टा प्रांत. लार्च व्हॅलीनंतर ते तळं जरा सजवलेलं वाटलं, माझं मत, शर्वरीला हेच जास्त आवडलं.

दिवस ३ : योहो

अभ्याच्या गुडघ्याला सुट्टी म्हणून आज गाडीचा दिवस. लेक लुईवरून पश्चिमेला किकिंग हॉर्स पास ओलांडला की ब्रिटिश कोलंबिया आणि योहो. बॅन्फला जेवढी माणसं त्याच्या मानाने इथे काहीच नाहीत.

मक्याचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे स्पायरल टनेल त्याच्यासाठी तीर्थक्षेत्र. गोष्ट अशी की १८८४ मध्ये या खिंडीतून रूळ टाकले ते घाईत, पैसे वाचवायला, आणि उतार ठेवला ४.५ टक्के. मालगाड्यांसाठी तो उतार म्हणजे वेडेपणा. पहिलीच बांधकामाची गाडी उतरताना सुटली आणि तीन माणसं गेली. पंचवीस वर्षं 'बिग हिल' नावाच्या त्या उतारावर इंजिनं जोडून, ब्रेक लावून, बाजूला सुटलेल्या गाड्यांसाठी वेगळे रूळ ठेवून कसंबसं चाललं. मग १९०९ मध्ये डोंगराच्या आत दोन गोल बोगदे खोदले, गाडी आत शिरते, डोंगराच्या पोटात वळसा घेते आणि आत शिरली त्याच्या वरून किंवा खालून बाहेर येते. लांबी वाढली आणि उतार २.२ टक्क्यांवर आला. आपल्या खंडाळ्याच्या घाटात जुन्या काळी रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी उलटी फिरवून चढवायचे, दुखणं तेच, औषध वेगळं.

हायवेवरच्या व्ह्यू पॉइंटवर पन्नास-एक मिनिटं थांबलो. मक्या ठाम होता, गाडी आल्याशिवाय हलायचं नाही. थंडीत बोटं गोठली. शर्वरी गाडीत जाऊन झोपली. आणि मग आली. मालगाडी, डब्यांवर डबे, संपतच नाही. इंजिन खालच्या तोंडातून बाहेर पडून पुढे निघालं तरी शेपटाचे डबे वरच्या रुळावरून आत शिरतच होते. एकच गाडी, एकाच वेळी एकमेकांवर दोन मजल्यांत, उलट दिशांना चाललेली. मक्याने व्हिडिओ काढलाच नाही, नुसता बघत राहिला, आणि हा माणूस जेवायच्या ताटाचा व्हिडिओ काढणारा आहे.

नंतर टकाकॉ धबधबा. योहो व्हॅली रोडवर दोन वळणं अशी आहेत की लांब बसला एका टप्प्यात वळताच येत नाही, मधला तुकडा ती रिव्हर्समध्ये चढते. आमच्या पुढे अशीच एक बस होती. मागच्या काचेत लोकांचे चेहरे उलटे आमच्याकडे येताना बघणं हा प्रकार विचित्रच. धबधब्याची एकूण उंची ३७३ मीटर, वर हिमनदीचं पाणी. सप्टेंबर-अखेरीला पाणी कमी असतं असं वाचलं होतं, तरी पायथ्याशी जाईपर्यंत चष्मा पूर्ण भिजला. एमरल्ड लेकला पाऊस लागला, छत्रीखाली उभं राहून बघितलं आणि निघालो.

दिवस ४ : आइसफील्ड्स पार्कवे

लेक लुई ते जॅस्पर, २३० किलोमीटर. निघायच्या आधी टाकी फुल केली कारण मध्ये सास्काचवान क्रॉसिंगला एकच पंप आहे, आणि मोबाइल नेटवर्क जवळपास पूर्ण रस्ताभर नाही. मक्याने नकाशे डाउनलोड करून ठेवलेले. घरी सगळ्यांनी "पोचल्यावर फोन करतो" असं कळवलं, आणि काही तास कोणाच्याच हातात फोन नव्हता. गाडीत जुनी गाणी लागली, सगळी पाठ.

पेटो लेकला वरून बघितलं की त्याचा आकार लांडग्याच्या डोक्यासारखा दिसतो, खरंच दिसतो. बो समिटचा भाग या रस्त्यावरचा सगळ्यात उंच. तिथे हवा निवळ होती, पुढे मिस्टाया कॅन्यनला दगडात पाण्याने कोरलेली अरुंद, वळणावळणाची घळ, वाकून बघितलं की पोटात गोळा येतो.

एका पिकनिकच्या जागी थांबलो तेव्हाची एक बारीक गोष्ट. कचऱ्याचा डबा उघडेना. तपकिरी लोखंडी पेटी, हँडल दिसतंय पण ओढलं तर हलत नाही. अभ्याने येऊन दाखवलं, हँडलच्या खोबणीत तळवा उपडा करून आत सरकवायचा, वरच्या बाजूला आत लपलेली पट्टी बोटांनी दाबायची आणि मग ओढायचं. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत शिरत नाही, शिरला तरी नखं तशी वळत नाहीत. खायचं काहीही बाहेर ठेवायचं नाही हा तर नियमच, रिकामी डिशसुद्धा. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल माणसांच्या जवळ येत राहतं आणि शेवटी बहुतेक वेळा त्यालाच मारावं लागतं. आमचा लाडवांचा डबा त्यामुळे पूर्ण प्रवासभर गाडीत कुलूपबंद.

दुपारी अथाबास्का हिमनदी. मोठ्या चाकांच्या बसमधून बर्फावर नेतात, आम्ही ते घेतलं नाही, पायथ्याची वाट चाललो. ही वाट म्हणजे अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात वाईट आणि सगळ्यात महत्त्वाची वाट. दगडगोट्यांचा राखाडी चढ आणि मधे मधे पाट्या, नुसतं साल लिहिलेलं, म्हणजे त्या वर्षी बर्फाचं टोक इथे होतं. पार्किंगच्याही आधीपासून पाट्या सुरू होतात. १९९२ च्या पाटीपाशी शर्वरी थांबली, म्हणाली मी तेव्हा बालवाडीत होते, आणि समोर बर्फ कुठे आहे बघ. बर्फ बराच पुढे होता. सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलाय. पुढे दोरी लावलेली आहे, तिच्यापलीकडे जायचं नाही, वरून घट्ट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि त्यात पडून लोक मेलेत. तरी दोनजण दोरी ओलांडून सेल्फी काढत होतेच. त्यांच्याबरोबर एक लहान मूल होतं. आमच्यातला कोणी काही बोललं नाही, अभ्या मात्र मराठीत बरंच काही बोलला.

या डोंगरांच्या वर स्नो डोम नावाचं शिखर आहे, तिथे वितळलेलं पाणी एका बाजूने पॅसिफिकला, दुसरीकडून आर्क्टिकला आणि तिसरीकडून हडसन बेमार्गे अटलांटिकच्या बाजूला जातं. ढगांमुळे शिखर दिसलं नाही.

संध्याकाळी सनवाप्ता, मग अथाबास्का धबधबा. आणि तिथून पुढे जंगल काळं झालं.

दिवस ५ : जॅस्पर

जुलै २०२४ मध्ये जॅस्परला आग लागली ते बातम्यांत बघितलं होतं. गाव आणि पार्क मिळून हजारो माणसं रात्रीतून बाहेर काढली, दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि जवळपास एक तृतीयांश इमारती गेल्या, ३५८. एक अग्निशमन कर्मचारी झाड पडून गेला. बातमीत हे वाचणं आणि काळ्या खांबांच्या मधून अर्धा तास गाडी चालवणं यात फरक आहे. दोन्ही बाजूंना फक्त उभे कोळसे, डोंगराच्या अंगावरून वरपर्यंत.

गावात एका गल्लीत सगळी घरं व्यवस्थित, फुलांच्या कुंड्यांसकट, आणि पुढच्या गल्लीत मोकळे चौकोन, जाळ्या, तात्पुरती घरं, बांधकामाचे ट्रक. आम्हाला जरा ओशाळल्यासारखं झालं होतं, असं बघायला यावं का म्हणून. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंना शर्वरीने विचारलंच. त्या म्हणाल्या या, या, लोक आले नाहीत तर आम्ही राहू कसे, फक्त पाडलेल्या घरांसमोर उभं राहून सेल्फी काढू नका. एवढंच.

सकाळी सहा वाजता खिडकीबाहेर कोणीतरी किंचाळलं. गंजलेलं दार उघडावं आणि शेवटी शिट्टी वाजावी तसा आवाज. नर एल्क, म्हणजे भलंमोठं हरीण! सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ, माद्या गोळा करायच्या आणि दुसऱ्या नराला हाकलायचं. तो शाळेच्या मैदानाजवळ उभा, शिंगं एवढी की मान कशी उचलतो कळत नाही. तीस मीटर लांब राहायचं, अस्वल आणि लांडग्यांपासून शंभर. या एल्कला नियम माहीत नव्हता, तो आमच्या गाडीकडे चालत आला, आणि आम्ही चौघं आत, काचा वर, श्वास धरून. त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ काचेवर बसेल इतका जवळ होता. साइड मिरर शिंगात अडकतो की काय म्हणून अभ्या देवाचं नाव घेत होता. मग त्याला दुसरीकडे काही तरी ऐकू आलं आणि तो गेला.

मलीन लेकच्या रस्त्यावर मेडिसिन लेक लागतो. तळं म्हणावं तर पाणी नाही, चिखलाचा विस्तीर्ण पट्टा आणि मधून एक ओहोळ. उन्हाळ्यात हिमनद्यांचं पाणी भरभरून येतं तेव्हा तळं भरतं, शरद आला की आवक कमी होते आणि तळाच्या चुनखडीतल्या भोकांतून पाणी खाली झिरपून जातं, मग कित्येक किलोमीटर जमिनीखालून वाहत मलीन कॅन्यनमध्ये बाहेर पडतं. तळं गळतंय! म्हणतात की पूर्वी नाववाल्यांनी भोकं बुजवायला गाद्या आणि मासिकांचे गठ्ठे टाकून बघितले होते. मला हे फारच जवळचं वाटलं.

मलीन लेक २२ किलोमीटर लांब, बोटीने स्पिरिट आयलंडपर्यंत नेतात. सुंदर आहे, फोटोत आहे तसंच आहे, जास्त नाही लिहीत. परत येताना एका जळालेल्या पट्ट्यात उतरून चाललो आणि दिवसातली खरी गोष्ट तिथे मिळाली. लांबून मेलेलं दिसणारं जंगल खाली मेलेलं नव्हतं. काळ्या खोडांच्या बुंध्याशी फायरवीड नावाच्या रानफुलाची लाल पडलेली पानं, त्याचा कापसासारखा भुरा हवेत उडतोय, आणि मधेच बोटभर उंचीची पाइनची रोपं, दहा-बारा हिरव्या सुयांची. लॉजपोल पाइनचे बरेचसे कोन राळेने घट्ट बंद असतात, वर्षानुवर्षं झाडावर तसेच राहतात, आगीच्या उष्णतेने राळ वितळते तेव्हा उघडतात आणि बी पडतं. जळालेल्या फांदीवरचा एक उघडा कोन हातात घेतला, कोळशाने बोटं काळी झाली, पाकळ्या सगळ्या फाकलेल्या, आत काही नाही, बी कधीच पडून गेलेलं.

आग आली ती या जंगलाला नवी नव्हे, पण इतकी मोठी का आली याचंही कारण आहे. कित्येक दशकं प्रत्येक आग विझवत राहिले, मूळ रहिवासी मुद्दाम लहान आगी लावायचे ते बंद केलं, झाडं दाट होत गेली, मग पाइन बीटल नावाच्या किड्याने पाइन मारून वाळवून ठेवले, आणि वर कोरडा उन्हाळा. वीज पडायचीच बाकी होती.

जॅस्पर डार्क स्काय प्रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचा अंधार मुद्दाम जपलेली जागा, २०११ पासून. रात्री ब्लँकेटं घेऊन तळ्याकाठी गेलो. ढग. एक तारा दिसला, तोही मक्याच्या मते विमान होतं.

दिवस ६ : परत, कूटनीमार्गे

रात्री वर बर्फ पडला होता. तोच पार्कवे उलट दिशेने, पण डोंगर बदललेले, कालपर्यंत करडे होते ते आता कमरेपर्यंत पांढरे. एका वळणावर गाड्या थांबलेल्या दिसल्या, काळं अस्वल रस्त्याकडेला झुडपातली फळं ओरबाडत होतं, एकाग्रतेने, मान वर न करता. आम्ही वेग कमी केला, बघितलं, थांबलो नाही, कारण थांबलेल्या गाड्यांमुळे मागून येणारा ट्रक कसाबसा ब्रेक लावून उभा राहिला होता आणि दोन काका कॅमेरे घेऊन खाली उतरले होते. अस्वल जवळ आलं तर फोटो काढू असा त्यांचा बेत असावा.

वेळ उरला होता म्हणून कॅसल जंक्शनला ट्रान्स-कॅनडा हायवे सोडून उजवीकडे कूटनीच्या रस्त्याला लागलो. काल जॅस्परला बघितलं नसतं तर इथे मी गाडीत झोपलो असतो. खिंडीच्या माथ्यावर १९६८ मध्ये विजेने आग लागली होती, तिथे आता लॉजपोलची इतकी दाट गर्दी आहे की दोन झाडांच्या मधून आडवं होऊनच जावं लागेल, आणि त्यांच्यामध्ये अजूनही जुनी जळकी खोडं करडी, गुळगुळीत होऊन उभी. थोडं खाली मार्बल कॅन्यनपाशी २००३ ची आग, तिथले पाइन माझ्यापेक्षा उंच, सगळे एका वयाचे, एका उंचीचे. आता चौघंही खिडकीतून बाहेर बघत अंदाज लावायला लागलो, हे वीसचं असेल, नाही रे, खोडं बघ, पन्नासचं. शर्वरीचे अंदाज माझ्यापेक्षा बरे होते. मार्बल कॅन्यन स्वतः अप्रतिम आहे, निळं पाणी इतक्या खोल आणि इतक्या अरुंद फटीतून जातं की पुलावर उभं राहिलं तर आधी आवाज येतो आणि पाणी नंतर दिसतं.

कॅनमोरच्या पुढे एका ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि काचेला चांदणी पडली. अभ्या म्हणाला अल्बर्टात अशी काच नसलेली गाडीच नसते, काळजी करू नका. गाडी भाड्याने देणाऱ्यांचं मत वेगळं निघालं. काउंटरवरच्या माणसाने टॉर्च मारून चांदणी मोजली, मक्याने शीट उघडून दाखवली की विम्यात काच धरलेली आहे, त्याने वाचून सांगितलं की धरलेली नाही, मग दोघं बारीक अक्षरांवर डोकं घालून बसले. आमची फ्लाइट चार तासांनी होती. अभ्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं मागचं दार उघडून सीटखालच्या लार्चच्या सुया झाडत होता, आणि शर्वरी मला विचारत होती की वॉटरटनच्या नॅशनल पार्कला २०१७ मध्ये आग लागली होती ना, तिथली झाडं आता किती उंच असतील.